पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

पीसी चालू केल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, असं तुम्ही लिहिलंय. रॅम (मेमरीची पट्टी) बदलून बघा हा आधीच्या उत्तरातला सल्ला बरोबरच आहे, पण त्याआधी प्रोसेसरची वीज तपासा. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य बोर्डवर, प्रोसेसरच्या वरच्या बाजूला ८ पिनांचं वेगळं सॉकेट असतं. २४ पिनांच्या मोठ्या केबलवर पंखे फिरतातच, त्यामुळे ही छोटी केबल लावायची राहिली तरी कळत नाही. फोंड्याला भाच्याचा पीसी जोडताना आमची अख्खी रात्र ह्यातच गेली, शेवटी पहाटे टॉर्च मारल्यावर ते रिकामं सॉकेट दिसलं. मात्र ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल तिथे दाबून बसवू नका. दिसायला सारखी, पण आतल्या तारा उलट असतात, बोर्ड जळू शकतो.

तुमचा प्रोसेसर रायझन ५ ५६०० आहे ना? त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच हवी. बी४५० प्रकारचा मदरबोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर बायोस (बोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय तो हा प्रोसेसर ओळखणारच नाही. त्यासाठी दुकानदाराकडे बोर्ड घेऊन जा, लाजू नका.

रॅमची एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. प्रत्येक वेळी आधी पीसीच्या मागचा पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, विशेषतः आपल्याकडे पावसात लाइट सारखी येते-जाते तेव्हा. बोर्डवर बारीक लाल दिवा पेटत असेल तर त्याच्या शेजारी काय छापलंय ते इथे लिहा.