टेट्रासायक्लिनमधली अशुद्धी आणि एचपीएलसी

एक प्रश्न आलाय: औषधाचा ॲसे (नमुन्यात मूळ औषध किती टक्के आहे याची चाचणी) ९८ टक्के आला, तर उरलेल्या दोन टक्क्यांमागे एवढं लागायचं कशाला? टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचंच घ्या. १९६३ साली मुदत उलटून खराब झालेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडाला इजा (फॅन्कोनी सिंड्रोम) झाल्याची नोंद आहे. दोष मूळ औषधाचा नव्हता, त्याच्या विघटनातून तयार झालेल्या एपीॲनहायड्रोटेट्रासायक्लिनचा मानला गेला. उष्णता, दमटपणा आणि आम्ल मिळालं की सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपात निघून जातो आणि ॲनहायड्रो प्रकार तयार होतात. त्याच कुळातल्या डॉक्सिसायक्लिनमध्ये तो गट तिथे नसतोच, म्हणून ते या बाबतीत सुटलं.

आता 'सरळ मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) लावा' अशीही एक सूचना आलीय, तिच्याबद्दल. इथे तेवढ्याने भागत नाही. चौथ्या कार्बनवरच्या गटाची नुसती दिशा बदलली की एपीटेट्रासायक्लिन होतं, वजन मात्र तेच! ते एचपीएलसीच्या (द्रव वापरून मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) कॉलमवरच, म्हणजे त्यातल्या भरीव नळीतच, वेगळं करावं लागतं. आणि कॉलमवर हे रेणू भारी हट्टी. धातूचे अंश दिसले की चिकटतात, पीकला (आलेखावरच्या उंचवट्याला) लांबलचक शेपूट येते आणि शेजारचा छोटा पीक तिच्याखाली गडप होतो. आमच्याकडे एकदा अख्खा दिवस असाच गेला, शेवटी मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातल्यावर शेपूट आवरली.

एक सोय आहे: ॲनहायड्रो प्रकार ४३० नॅनोमीटरच्या आसपास चांगला प्रकाश शोषतात, टेट्रासायक्लिन तिथे जवळपास गप्प असतं. पीडीए डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर शोषण मोजणारा) असेल तर तो चॅनेल उघडून बघाच.