पूरग्रस्तांची तातडीची मदत पंचनाम्याआधी द्यावी का?

कृष्णाकाठ : महापूर ओसरल्यावर घरी परतणाऱ्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात धान्य, पेटणारी शेगडी आणि निजायला कोरडी जागा लागते; आपल्याकडे मात्र हे सारे पंचनाम्याच्या शेपटाला बांधलेले असते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा मोफत दहा किलो गहू आणि तांदळासाठी दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट शासन निर्णयात होती आणि तिच्यावर सडकून टीका झाली. त्यातच ‘पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका’ असा सल्ला गल्लीत फिरत असल्याने आमच्या शेजारच्या काकूंनी फुगलेली गादी आणि कुजू लागलेली ज्वारी तीन दिवस दारातच ठेवली होती. धान्य आणि सानुग्रह अनुदान (सरकारची तातडीची आर्थिक मदत) सरसकट द्यावे, पडझडीचा हिशेब मागाहून करावा, असे माझे मत आहे.

जुना तलाठी : आपली कळकळ मान्य आहे, पण ‘सरसकट’ हा शब्द चावडीवर फार महाग पडतो. त्याच वर्षी ग्रामीण कुटुंबाला 10 हजार व शहरी कुटुंबाला 15 हजार रुपये जाहीर झाले आणि त्यांतील पाच हजार रोख वाटायचे ठरले, तेव्हा एकाच चुलीवर जेवणारे तीन भाऊ माझ्यासमोर तीन कुटुंबे म्हणून उभे राहिले. ज्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवले नव्हते, तेही रांगेत होते. वाटलेली रक्कम परत येत नाही आणि लेखापरीक्षणात उत्तर आम्हाला द्यावे लागते. भिंतीवरची पाण्याची रेघ खोटे बोलत नाही. ती पाहूनच मदत द्यावी.

गावभागातला भाडेकरू : रेघ खोटे बोलत नाही, पण ती घरमालकाच्या खाती जमा होते. माझे रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातले, वीजबिल मालकांचे आणि मालक पुण्याला. पथकाने भिंत पाहिली, फोटो काढला आणि नाव मालकांचे लिहून घेतले. दुसऱ्या खोलीची अनामत मी उसनवारीने भरली. तिघा भावांनी पैसे नेल्याची आपल्याला जेवढी चीड आहे, तेवढी यादीतून गळलेल्या माणसाबद्दल का नसावी?

जुना तलाठी : ही त्रुटी खरी आहे. घरमालक आणि प्रत्यक्ष रहिवासी असे दोन रकाने असावेत आणि कागद वाहून गेले असतील तर शेजाऱ्यांच्या सह्यांवर नाव घ्यावे. धान्यही पाणी शिरलेल्या सबंध गल्लीला न विचारता द्यावे, हे मी मान्य करतो. रोख रकमेबाबत मात्र माझे मत कायम आहे.

कृष्णाकाठ : मग निम्मे भांडण मिटले. उरलेल्या निम्म्यापुरते एवढेच विचारतो : गल्लीतली पिठाची गिरणीही पाण्यात बुडालेली असताना, हातात रोकड नसलेल्या बाईने त्या दहा किलो गव्हाचे काय करायचे?