कृत्रिम फुफ्फुस: दाब जुळत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

अर्धा_इंजिनिअर
एम.टेक.चा प्रोजेक्ट. छोटा ऑक्सिजनेटर बनवलाय. ३८० मायक्रॉनचे पोकळ तंतू, आतून ऑक्सिजन, बाहेरून रक्त. प्रवाह जोरात सोडला की दाबातली घट गणिताशी जुळते. संथ केला की गणिताच्या निम्मीही येत नाही. मॉडेल कॅसनचं, म्हणजे रक्त हलायलाच आधी थोडा जोर लागतो असं धरणारं. सेन्सर दोनदा बदलून झाला. सोमवारी गाईडला दाखवायचंय. कुठं चुकतंय?

पेठेतला
रक्त कुठलं? हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के? तापमान? नाडी न दाखवता औषध मागताय.

चिंधी_मेकॅनिक
रक्ताच्या भानगडीत पडूच नका. ग्लिसरीन आणि पाणी, ४०:६०. आम्ही पंप असेच तपासायचो. वासही नाही.

पेठेतला
ग्लिसरीनला पेशी असतात का हो? संथ प्रवाहात माणसाच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, रक्त दाट होतं. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन सरकतात, रक्त पातळ. ग्लिसरीन दोन्हीकडे तेच. यांचा घोळ नेमका संथ प्रवाहात आहे.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, सिकलसेलचा विचार केला का? आमच्या गडचिरोलीकडे पेशंट खूप. ऑक्सिजन घटला की पेशी विळ्यासारखी वाकडी अन् ताठ होते, आणि मशीनमध्ये येणारं रक्त तर कमी ऑक्सिजनचंच. म्हणून अशा पेशंटचं रक्त आधी बदलून घेतात.

अर्धा_इंजिनिअर
सिकलसेल कुठून आलं मध्येच? तापमान खोलीचंच. गोठू नये म्हणून हेपारिन घातलंय. रक्त एकदम ताजं, सकाळीच खाटकाकडून आणलं.

पेठेतला
खाटकाकडून! म्हणजे बोकडाचं. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. माणसाची पेशी साधारण ८ मायक्रॉनची, मधून खोलगट. बोकडाची जेमतेम ३-४ आणि ती चळत रचत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्या कॅसनमधला यील्ड स्ट्रेस, म्हणजे रक्त हलवायला लागणारा तो किमान जोर, माणसाच्या चळतींचा आहे, तो इथे येणार कुठून? आणि जोरात जुळतंय म्हणून खूश होऊ नका. बोकडाचा हिमॅटोक्रिट कमी, पण खोलीत ३७ अंशांपेक्षा रक्त थंड म्हणून दाट. दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय.

सुगरण_सई
उरलेलं फेकू नका, रक्ती करा 😀 कांदा आणि भरपूर लसूण.

चिंधी_मेकॅनिक
हेपारिन घातलेलं?? ताई!
बाकी ब्लड बँकेत मुदत संपलेल्या पिशव्या मागून बघा.

पेठेतला
परवानगी लागेल. शिवाय साठवणीत पेशी काटेरी आणि कडक होतात, मग नवाच आकार मोजत बसाल. डुकराचं जास्त जवळचं, ते चळती रचतं.

प्रश्नांकित
शेजारच्या काकांना कोविडमध्ये अशाच मशीनवर ठेवलेलं. रोजचा खर्च किती येतो?

अर्धा_इंजिनिअर
हिमॅटोक्रिट मोजून आलो, २८. गणितात ४५ धरला होता. गाईडच म्हणाले होते, रक्त ते रक्त. डुक्कर सोमवारपर्यंत कुठं मिळेल, पुण्यात?