घरची मंडळी आलेली असताना बारमध्ये स्टँडअप केलंय का? अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आई-बाबा सांगलीहून लंडनला माझ्याकडे आले आणि त्याच आठवड्यात मला एका पबच्या तळघरात ५ मिनिटं मिळाली. नाव आधीच देऊन ठेवलं होतं, सोडवेना. इथे नवख्यांच्या बऱ्याच कार्यक्रमांना एक अट असते : सोबत एक माणूस आणायचा आणि त्याने शेवटपर्यंत बसायचं. तो नसेल तर माइक मिळत नाही. या वेळी माझा माणूस म्हणजे बाबा, आणि त्यांच्याबरोबर आई.

बाबा एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होते. सांगलीत परमिट रूमवरून जायची वेळ आली तर ते पलीकडच्या फुटपाथने जातात, उगाच कुणी बघायला नको म्हणून. इथे आजी-आजोबा जेवताहेत, टेबलाखाली कुत्रं झोपलंय, हे बघून ते जरा सैलावले. आईने लिंबू पिळून सोडा घेतला. वरच्या मजल्यावर फुटबॉलची मॅच चालू होती, गोल झाला की छत हादरायचं. खाली बारमागचं ग्लास धुण्याचं यंत्र अधूनमधून घरघरत होतं.

सुरुवातीला मी आवाज चढवला. तिथेच चुकलं, कारण लोकही आणखी मोठ्याने बोलायला लागले. मग माइक अगदी ओठांजवळ घेतला, आवाज उतरवला, तशी पुढची दोन टेबलं गप्प झाली. मधेच गोल झाला. ओरडा ओसरेपर्यंत मी नुसती उभी राहिले आणि ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. गोष्ट बाबांचीच होती : घरच्या गाडीत बसतानाही ते आम्हाला ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणतात ती. मागून मोबाइलचा टॉर्च चमकला, म्हणजे एक मिनिट उरलं. वेळेत संपवलं.

परतताना बाबा म्हणाले, “एसटीत याहून जास्त आवाज असतो गं. मागच्या बाकावरच्याला ऐकू जायचं असेल तर ओरडून उपयोग नाही. त्याच्याकडे बघून बोलायचं.” इतके महिने हे करतेय, पण इतकं कामाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्हीही लिहा. भाषा, गाव, देश कुठलाही चालेल. गोंगाट कसा सांभाळलात ते सांगा. आणि घरच्यांवर विनोद करण्याआधी त्यांना विचारलं होतं का, हेही सांगा. मी विचारलं नव्हतं. बाबा हसले, तरी ते मला टोचतंय.

*

जर्सी सिटीहून लिहितेय. न्यूयॉर्कमध्ये ब्रिंगर शो म्हणून प्रकार आहे. ठरलेली माणसं आणली तरच तुम्हाला स्टेज, आणि प्रत्येकाने किमान दोन ड्रिंक्स घ्यायचीच. मला ५ माणसं आणायची होती. सासू-सासरे पुण्याहून आलेले, नणंद, तिचा नवरा आणि माझा नवरा, असे पाच जण भरले. त्या दिवशी नेमकी संकष्टी. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही नका येऊ. त्या म्हणाल्या, “मी आले नाही तर तुला उभं करणार नाहीत ना? मग चल.”

मला तिसरा नंबर सांगितला होता. आणखी माणसं घेऊन आलेल्या एकाला पुढे घेतलं आणि मला अकरावी केलं. शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी लग्नाआधीची पार्टी, भिंतीतून ढोलासारखा ठेका येत होता. सासूबाई संत्र्याच्या रसाचे दोन ग्लास समोर ठेवून रात्री साडेअकरापर्यंत उपाशी बसल्या. चंद्रोदय केव्हाच होऊन गेला होता. माझी पाच मिनिटं बरी झाली, लोक हसले, पण मला दिसत होते ते दोन ग्लास. घरी आल्यावर त्यांनी आरती केली आणि आम्ही दोघींनी रात्री दीड वाजता मोदक खाल्ले.

तेव्हापासून मी ब्रिंगर शो बंद केले. आता फक्त ओपन माइकला जाते, जिथे नावं बादलीत टाकून चिठ्ठ्या काढतात. तिथे गर्दी कमी असते, पण कुणाच्या घरच्यांच्या डोक्यांवरून तुमचा नंबर ठरत नाही.

*

बाणेर, पुणे. आयपीएलच्या दिवसांत ओपन माइक घेऊ नका, एवढंच सांगतो. कोल्हापूरची आत्या आली होती, तिला हौसेने नेलं. स्क्रीन माझ्या डोक्याच्या वरच. मी बोलतोय आणि सगळं हॉटेल माझ्या वर बघतंय. आत्या एकटी माझ्याकडे बघत होती. मग मी तिलाच सांगितलं सगळं, सात मिनिटं, मराठीत.

*

मी ठाण्याचा. माझं मत वेगळं आहे : घरच्यांना बारमधल्या कार्यक्रमाला नेऊच नये. २०१० मध्ये लंडनच्या कॉमेडी स्टोअर या स्टँडअपच्या क्लबने मुंबईत लोअर परळला जागा काढली. तिथे लोक तिकीट काढून ऐकायलाच येत, खुर्च्या स्टेजकडे तोंड करून. बारमध्ये लोक प्यायला आलेले असतात, तुम्ही त्यांच्या गप्पांत शिरता. शेजारच्या टेबलावरून एखादा काहीतरी घाणेरडं ओरडला तर मी उत्तर देऊ शकतो, पण माझी आई ते ऐकत बसते. एकदा तसं झालं. ती काही बोलली नाही, नुसता पदर सारखा केला. मी पुन्हा नेलं नाही.

*

मी सादर करणारी नाही, आई आहे. चालेल ना?

नाशिकहून मुलीकडे बेंगळुरूला गेले होते. ती इंदिरानगरच्या एका बारमध्ये बोलणार होती. इतका कल्ला होता की शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीचंही मला ऐकू येईना. मग लेकीने बोलता बोलता माझं काढलं. तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी आई त्यांचा फोन चार्ज करते, महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारते. काही जण हसले. मग एकेक टेबल शांत होत गेलं. ग्लासातला बर्फ हलल्याचा आवाज आला मला.

रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. ते माझं होतं, तिने मला विचारायला हवं होतं.

सकाळी मी नारळ खोवत होते, ती ओट्याशी येऊन उभी राहिली. “आई, काढून टाकू का ते?” मी बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, राहू दे. पण तू म्हणालीस फोन कपाटात असतो, तसं नाही. देवघराशेजारच्या प्लगला असतो, कारण तिथे रेंज येते. सांगायचंच असेल तर बरोबर सांग. तिने वही आणून तिथेच लिहून घेतलं.

लंडनच्या ताई, तुमचे बाबा अजून तिथेच आहेत ना? मग आजच विचारा की त्यांना.