रेल्वे पुलाच्या संथ कंपनांसाठी फायबर ब्रॅग ग्रेटिंग वापरावे का?

प्रश्न
नमस्कार. २५ किलोव्होल्टच्या तारेखालील एका पोलादी रेल्वे पुलाची ०.५ ते ५ हर्ट्झमधील कंपने मोजायची आहेत. आमचा पीझो (दाबाने विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचा) त्वरणमापक खालच्या टोकाला अगदी क्षीण आणि गोंगाटाने भरलेला संकेत देतो. फायबर ब्रॅग ग्रेटिंगने (काचेच्या तंतूत कोरलेली, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करणारी रचना) ही अडचण नेमकी कशी सुटते आणि तापमानाचे काय करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
अडचणीचे मूळ आधी कंपनातच पाहावे. एक मिलिमीटर आयामाचे कंपन ५० हर्ट्झला असेल, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दहापट भरते, तेच ०.५ हर्ट्झला असेल, तर त्वरण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम एक हजारांश उरते. त्यात पीझो स्फटिकावरचा विद्युतभार झिरपून जातो, म्हणून संथ बदल त्याच्या हाती लागत नाहीत. ग्रेटिंगमध्ये तंतू ताणला की परावर्तित तरंगलांबी सरकते आणि ताण टिकेल तोवर सरकलेलीच राहते. शिवाय काचेच्या तंतूत वरच्या तारेचा विद्युतचुंबकीय गोंगाट शिरत नाही; आपल्या जागी हा फायदाही तितकाच मोलाचा आहे.

उत्तर २
सहमत आहे, पण नुसता तंतू चिकटवून त्वरणमापक होत नाही. एका टोकाला घट्ट बसवलेली पट्टी, मोकळ्या टोकाला वजन आणि पट्टीवर ग्रेटिंग, अशी रचना लागते. तिची नैसर्गिक वारंवारिता २० हर्ट्झ ठेवल्यास गुरुत्वत्वरणाच्या एक हजारांश त्वरणाला वजन सुमारे ०.६ मायक्रॉन सरकते. २०० हर्ट्झ ठेवल्यास त्याच्या शंभराव्या भागाइतकेच. २० हर्ट्झच्या पट्टीवर ५ हर्ट्झला सुमारे सात टक्के जादा वाचन येईल, ते अंशांकनात (कॅलिब्रेशनमध्ये) वजा करता येते.

तापमान मात्र गांभीर्याने घ्यावे. १५५० नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनमुळे (लांबीतील दशलक्षांश बदलामुळे) तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, तर एका अंश सेल्सिअसमुळे सुमारे १०. म्हणून पट्टीच्या वर एक आणि खाली एक ग्रेटिंग लावून दोन्हींतील फरक घ्यावा: वाकण्याचा संकेत दुप्पट होतो आणि तापमानाचा वाटा वजा होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ऊन एकाच बाजूला लागले, तर?

उत्तर २
फरक उरेल, म्हणून आवरण सावलीत ठेवावे. तरीही पट्टी तापायला काही मिनिटे लागतात आणि आपले सर्वांत संथ कंपन दोन सेकंदांचे आहे, त्यामुळे साध्या गाळणीने (फिल्टरने) दोन्ही वेगळे होतात. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलासारख्या, ०.१ हर्ट्झच्या आसपास हलणाऱ्या झुलत्या पुलावर ही सवलत बरीच कमी होते.