शब्दचर्चा : उपकारस्तुती, उपकारस्मरण, कृतज्ञता

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गात, मी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. येत्या रविवारचे वचन बायबलमधल्या पौलाच्या पत्रातले, १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, हे आहे : "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." मुलांना हा शब्द जड जातो. त्याऐवजी 'धन्यवाद द्या' किंवा 'कृतज्ञ राहा' असे सांगितले, तर अर्थ बदलेल का?

उत्तर : ताई, अर्थ थोडा बदलेल, आणि तो नेमका कुठे बदलतो हेच मुलांना दाखवण्यासारखे आहे. 'कृतज्ञ' म्हणजे आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा. 'कृतघ्न' म्हणजे ते मारून टाकणारा. 'धन्यवाद' म्हणजे मुळात कोणाला तरी धन्य म्हणणे. स्तोत्र १०३ मध्ये 'परमेश्वराचा धन्यवाद कर' असे येते ते याच अर्थाने, आणि तिथे नुसते 'थँक्यू' ऐकू आले तर त्या वाक्याचे तेज जाते.

'उपकार' या शब्दाची अडचण वेगळी आहे. रोजच्या मराठीत उपकार फेडायचे असतात, उपकारांच्या ओझ्याखाली माणूस दबतो, आणि रागाच्या भरात आपण 'काही उपकार करत नाहीस' असेही म्हणतो. 'उपकारस्तुती'त मात्र उपकारापुढे फेड येत नाही, स्तुती येते. पौलाने वापरलेल्या ग्रीक क्रियापदात 'खारिस', म्हणजे कृपा, या शब्दाचे मूळ आहे, आणि कृपेची परतफेड होत नसते. म्हणून 'तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या' असे सुनावून कृतज्ञता शिकवणारे आईबाप मुलाच्या हातात उधारीची वही देतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान वर्गासाठी मी 'उपकारस्मरण' या शब्दापासून सुरुवात करीन. स्तोत्र १३६ त्यानेच सुरू होते. त्याच्या सव्वीस ओव्यांपैकी प्रत्येकीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद आहे. सूर्य, चंद्र, तांबड्या समुद्रातून झालेली सुटका, सर्व प्राण्यांना मिळणारे अन्न, अशी एकेक गोष्ट तुम्ही म्हणा आणि पालुपद मुलांना म्हणू द्या. लूक १७ मधल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आलेला एकटा शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूसदेखील आधी आपण बरे झालो हे पाहतो, मग मागे फिरतो, आणि शेवटी येशूच्या पायांशी येऊन बोलतो. आपण मुलांना शेवटची पायरी आधी शिकवतो, 'काकांना थँक्यू म्हण', आणि पाहायचे राहूनच जाते.

प्रश्न : एका मुलीची आजी अंथरुणाला खिळली आहे. 'सर्व स्थितीत' म्हणजे आजीच्या आजाराबद्दलही देवाचे आभार मानायचे का, असे तिने विचारले तर?

उत्तर : तिला ठामपणे 'नाही' म्हणा. वचनात 'स्थितीत' आहे, 'स्थितीबद्दल' नाही. मूळ ग्रीकमध्येही 'एन', म्हणजे 'मध्ये', हाच शब्द आहे. आजी आजारी असताना तिने रडावे, देवाकडे गाऱ्हाणे घालावे आणि त्याच प्रार्थनेत आजीने केलेले आठवावे. यात काहीही विसंगत नाही.

आपल्या घरांत आजीला 'आभारी आहे' म्हणण्याची रीत नाही, ते परकेपणाचे वाटते. गोव्यातली ख्रिस्ती माणसे कोकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, म्हणजे देव तुझे भले करो. घेणारा तिथे देणाऱ्यासाठी प्रार्थना करतो. त्या मुलीला आजीच्या उशाशी बसून असे काही म्हणता येईल.

माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या एका मुलाची प्रार्थना मी वहीत लिहून ठेवली आहे : "देवा, आजीनं भाकरीचा पापुद्रा मला दिला, त्याला तेल-मीठ लावलं, आणि खालची जाड भाकरी तिनं खाल्ली. ते मी पाहिलं. आमेन."