दारात पाणी खळखळतंय, पत्रा आतून सडतोय: जुन्या फियाटसाठी सल्ला हवा

पद्मिनीवाला_दर्यापूर
नमस्कार मंडळी. घरी बाबांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आहे. त्यांच्यानंतर मीच सांभाळतो. गेल्या वर्षी दिवाळीआधी तालुक्याला डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. गंज काढला, खालून काळं अंडरकोटिंग (पत्रा गंजू नये म्हणून बुडाला देतात तो जाड थर) मारलं, आता दहा वर्षं बघायला नको, असं सांगून गाडी हातात दिली.

या पावसाळ्यात डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला मसुराएवढे फोड आलेत. नखानं एक दाबला तर रंगाची टोपी निघाली, आत ओला लाल चुरा. परवा बैलबंडीला वाट द्यायला ब्रेक मारला तर दारात खळ्ळ झालं, डोक्यावरची घागर हिंदकळावी तसं. पायाखालच्या चटईलाही कुबट वास येतोय. गाडी टिनाच्या शेडमध्ये असते, वरून ताडपत्रीही टाकतो.

काचेच्या फटीत सिलिकॉन भरू का? एक जण म्हणतो, दारात जळकं ऑइल ओत. काय करू?

काळी_अँबी
दादा, सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा.

काच खाली-वर होते म्हणजे फट राहणारच, आणि पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरणारच. गाडी बनवणाऱ्यालाही ते माहीत होतं. म्हणून तर दाराच्या बुडाला, दोन पत्रे दुमडून जोडलेत तिथे, छोटी भोकं ठेवलेली असतात. वरून आलं, खालून गेलं. तुमच्या दारात खळखळ होते म्हणजे ती भोकं बुजलीत. वरची फट बंद करून आतलं पाणी थोडंच जाणार आहे? उलट वाफ कोंडेल.

सायकलचा जुना स्पोक घ्या, टोक घासून बोथट करा आणि दाराच्या खालच्या कडेनं चाचपत जा. खाली परात ठेवा. नवीन भोक मात्र पाडू नका, कापलेल्या कडेला रंग नसतो, गंज तिथूनच सुरू होतो.

दाराचं आतलं पॅनल उघडलंत तर मागे प्लास्टिकचा कागद आहे का तेही बघा. दारातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. आपल्याकडे खिडकीचं मशीन दुरुस्त करताना तो फाडून फेकतात आणि परत कुणी लावत नाही. जाड पॉलिथिन कापून चिकटवलं तरी काम होतं.

रिटायर_फिटर_काका
राजेहो, मी जिंदगीभर पत्राच ठोकला, म्हनून सांगतो. वर टिन हाय तं ताडपत्री काऊन टाकता बाप्पा? रातच्याले जमिनीतली ओल वर येते, ताडपत्रीखाली घाम सुटते. सकायी आतून हात फिरवून पाहा, वला लागन. पावसायात गाडी कोंडली तं पत्रा सडन नाही तं काय होईन? धूळ नको असन तं सुती चादर टाका. आन् जमीन सारवलेली असन तं चाकाखाली फरशी टाका. पंधरा दिवसांतून उघाड पडली का गाडी बाहेर काढा, चारी दारं, बोनेट, डिकी उघडून उन्हात ठेवा. याले पैसे लागत नाही.

ट्रॅक्टरवाला_अकोट
जळक्या ऑइलला उगाच नाव ठेवू नका. आमच्या ट्रॉलीला दर वर्षी मारतो, अजून टणक आहे.

काळी_अँबी
ट्रॉलीला मारा की. ट्रॉलीचा पत्रा जाड, सगळा उघडा, हात पोचतो असा, आणि तिला रबर नाही. गाडीच्या दारात ते ओतलं की खालची रबरं फुगतात, आतला गत्ता पितो, रंगाला डाग पडतो. शिवाय वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाची काजळी आणि आम्ल असतं. माझ्या आधीच्या मालकानं माझ्या अँबॅसेडरमध्ये ओतलं होतं. ऑइल आणि धुळीचा असा लगदा झाला की त्यानंच भोकं बुजली. पेचकसानं खरडून काढायला रविवार गेला.

पद्मिनीवाला_दर्यापूर
काकांचं ऐकून ताडपत्री काढली. आतून खरंच ओली होती.

आज स्पोक घेऊन बसलो. डाव्या दाराची भोकं सापडेनात. बॅटरी मारून पाहिलं तर खालच्या कडेवरून ते काळं अंडरकोटिंग सलग फिरवलेलं, भोकांसकट. एका जागी टोचलं आणि पिचकारीच सुटली. आधी काळं पाणी, मग आपल्या काळ्या मातीचा गारा, मग गंजाचे पापुद्रे. दीड तांब्या तरी भरला असेल. म्हणजे ज्याचे पैसे मोजले त्यानंच गाडी सडली.

उजव्या पुढच्या दारातून तर कापसाचे पुंजके निघाले. शेजारच्या खोलीत कापूस साठवतो, उंदरांनी आत घर केलेलं. पुंजका पिळला तर पाणी गळालं!

आता चटईचं कसं शोधू?

वर्धेची_जीपवाली
चटई आणि तिच्याखालचा नमदा (दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर) दोन्ही काढून टाका, नमदा आठवडाभर पाणी धरतो. उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं संथ पाणी सोडायचं. सुरुवात खालून. आधी दाराची कड, पाच मिनिटं थांबा, मग पुढच्या काचेचं रबर, शेवटी टप. वरूनच सुरू केलं तर सगळीकडूनच गळतंय असं वाटतं. रबराच्या आतल्या बाजूनं टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची वाट स्पष्ट उमटते. डिकी ओली असेल तर टेललाइटमागचं रबर बघा, स्टेपनी उचलून खालीही बघा.

आणखी एक विचारते. गाडी धुता कुठल्या पाण्यानं? दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा.

पद्मिनीवाला_दर्यापूर
बोअरच्या. दुसरं कुठलं असणार ताई?

वर्धेची_जीपवाली
तेच म्हणते. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारं, ते अकोला-अमरावती-बुलडाण्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. ते पाणी वाळलं की मीठ पत्र्यांच्या जोडात राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं. रंगाच्या पृष्ठभागावर पांढरे डाग दिसतात म्हणून आपण पुसतो, आत कोण पुसणार? धुवायचं तर शेवटच्या दोन बादल्या टाकीत धरलेल्या पावसाच्या पाण्याच्या. वॉशिंग सेंटरला जोराची धार जोडांवर, रबरांवर मारू देऊ नका.

शेडमध्ये खताची पोती आहेत का? पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. फुटकं पोतं गाडीशेजारी नको. गोठ्याला लागून असेल तर तेही नको.

पद्मिनीवाला_दर्यापूर
युरिया आणि पोटॅश डिकीला टेकूनच रचलंय. आजच हलवतो.

काळी_अँबी
आता पुढचं. घाईनं वॅक्स, म्हणजे पत्र्याच्या पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारू नका. ओल्या पोकळीत वॅक्स मारलं की खाली पाणी कोंडलं, तुमच्या अंडरकोटिंगचीच गोष्ट पुन्हा. आत्ता फक्त भोकं मोकळी ठेवा, गाळ काढा, वाळू द्या. एप्रिलमध्ये विदर्भाचं ऊन फुकटची भट्टी आहे. पत्रा आतून कोरडा ठक्क झाला की सैल गंज तारेच्या ब्रशनं काढा. हात पोचतो तिथे टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, गंज काळा पडतो. मग प्रायमर. जिथे हात पोचत नाही तिथे कॅव्हिटी वॅक्स, लांब नळी आणि सगळीकडे फवारणारं नोझल लावून. ते पातळ असतं, दोन पत्र्यांच्या जोडात शिरतं, नंतर मेणासारखं बसतं. मारून झालं की सगळ्या भोकांतून परत स्पोक फिरवा. हे विसरणारे मी पाहिलेत, मीही त्यातलाच.

आणि मसुराएवढ्या फोडांवर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो रंग पुन्हा उचलणारच. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून दाराच्या खालून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे.

पद्मिनीवाला_दर्यापूर
चुंबक फिरवला. दार बरं आहे हो. दाराखालच्या उंबऱ्यावर मात्र डाव्या बाजूला हातभर कुठेच चिकटत नाही. पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तर भद्द आवाज येतो.

रिटायर_फिटर_काका
आता बरोबर जागी आले. फियाटले खाली वेगळी चेसिस, म्हंजे लोखंडी सांगाडा, नाही, तो उंबराच गाडीचा कना हाय. तिथं लांबी नाही चालत, नवा पत्राच लागते. वेल्डिंगवाल्याले सांगा, आधी गाडी समतल जागी चार ठिकानी टेकवून घ्या. दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून पक्का करा, मंगच सडका पत्रा कापा. एकाच टायमाले दोन्ही बाजू नाही कापायच्या. नाही तं गाडी मधातून बसते आन् दार लागत नाही. कापल्यावर आतला फोटो टाका, आतल्या पत्र्याचं कसं हाय ते पाहून सांगतो.

पद्मिनीवाला_दर्यापूर
पोळ्यानंतर वेल्डिंगवाला येतो म्हणाला. टाकतो काका.